जुनी बुलेट आणि विजेचा मामला

पावसाळ्याच्या पहिल्या सरी येऊन गेल्या की गॅरेजांच्या दारी ज्या जुन्या मोटारसायकली ढकलत आणलेल्या दिसतात, त्यांपैकी बहुतेकींचे इंजिन शाबूत असते, टाकीत पेट्रोलही असते, आणि तरीही किका मारून मारून मालक घामाघूम झालेला असतो. मेस्त्री कॉइल बदलण्याची शिफारस करतो, शेजारी बॅटरी गेल्याचे छातीठोकपणे सांगतो, आणि दोघांपैकी कोणाचाच अवमान नको म्हणून मालक दोन्ही वस्तू विकत आणतो; गाडी चार दिवस चालते आणि पुन्हा जैसे थे. माझे स्पष्ट मत असे आहे की, जुन्या गाडीत विजेचे सुटे भाग मरतात त्याहून कितीतरी अधिक वेळा त्या भागांना जोडणारे सांधे मरतात; आणि सांध्याचा दोष भाग बदलून जात नाही, फार तर बदलाबदलीत तो सांधा थोडा हलतो व काही काळ गुण आल्याचा आभास होतो.

या तपासाची रीत समजण्यास जुन्या बुलेटइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. इंग्लंडातील रेडिच येथील मूळ कंपनीच्या सहकार्याने १९५५ साली मद्रासेत ‘एन्फिल्ड इंडिया’ स्थापन झाली, आणि पुढे इंग्लंडातील कारखाना बंद पडल्यावरही तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात ही ३५० सीसीची गाडी दशकानुदशके जवळजवळ त्याच रूपात बनत राहिली. त्यामुळे तिची विद्युत्-रचना एखाद्या बंद डबीत लपलेली नाही: बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रेक्टिफायर, सर्व काही स्वतंत्र आणि हाती लागण्याजोगे. शिवाय हेडलाइटच्या वरच्या अंगाला बसवलेला अ‍ॅमीटर हा असा साक्षीदार आहे की, त्याची जबानी नीट ऐकली तर निम्मी चौकशी जागच्या जागी उरकते.

चावी फिरवल्यावर पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून प्रवाह वाहतो व बारा व्होल्टच्या गाडीत काटा वजा बाजूस सुमारे ३ अँपियर कलतो. पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो, काटा मध्यावर येतो आणि त्याच क्षणी प्लगवर ठिणगी पडते. मुरलेले बुलेटस्वार डिकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढून, काटा मध्यावर आलेला पाहूनच किक मारतात, ते याच कारणाने. बघणाऱ्याला तो निव्वळ रुबाब वाटतो, आणि थोडा तो असतोही. गाडी सुरू होत नसेल तेव्हा दिवे बंद ठेवून किक सावकाश खाली दाबावी व काट्यावर दृष्टी ठेवावी. काटा कलत आणि परतत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा मार्ग बहुधा ठीक असून दोष पुढे, म्हणजे कंडेन्सर, प्लग किंवा त्याच्या जाड तारेत शोधावा. काटा मुळीच हलत नसेल तर पॉइंटकडे येणाऱ्या तारेचे टोक क्षणभर इंजिनच्या धातूला टेकवावे: आता काटा कलला, तर अपराधी पॉइंटची काजळलेली तोंडे होत. ती पॉलिश पेपरने साफ करून, फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर फट राखली की काम झाले. तरीही काटा निश्चल आणि हॉर्नही मुका, तर फ्यूज व बॅटरीची टोके पाहून मग खुद्द अ‍ॅमीटरच्या पाठीमागचा नट तपासावा. गाडीचा बहुतेक सारा प्रवाह त्या एका नटातून जातो, आणि तो सैल झाला की सगळा कारभारच ठप्प होतो. याउलट, काटा वजा बाजूस खिळून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा प्रवाह आडवाटेने धातूत उतरतो आहे. कंडेन्सरची तार सोडताच, पॉइंट उघडे असताना, काटा मध्यावर आला तर कंडेन्सर आतून जोडला गेला असे खुशाल समजावे.

आता अर्थिंगविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण सर्वाधिक फसगत येथेच होते. मोटारसायकलीत दिव्याकडे जाणारी तार दिसते, पण परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, हे विसरले जाते. आणि त्या सांगाड्यावर हौशी मालकाने नवा रंग चढवला की बोल्टाखालीही रंगाचा थर बसतो व परतीची वाट अडते. कोकणच्या खाऱ्या हवेत तर रंगावाचूनही गंज तेच काम करतो. अशा सांध्यावर मल्टिमीटर लावून बॅटरी व दिव्याचे होल्डर यांमधील दाब मोजला तर आकडा अगदी बिनचूक दिसतो, कारण मीटर नाममात्रच प्रवाह ओढतो. तोटी बंद असताना गाळाने भरलेल्या नळातही पाण्याचा दाब पुरा भरतो, तसाच हा प्रकार. म्हणून मोजणी दिवा पेटता ठेवून करावी: मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला, दुसरे होल्डरच्या धातूला लावावे, आणि एक-दोन दशांश व्होल्टांहून अधिक आकडा आला तर तेवढा दाब वाटेतच खाल्ला जात आहे अशी खातरजमा करावी. हा तोटा क्षुल्लक मानू नये. फिलामेंटच्या दिव्याचा दाब दहा टक्क्यांनी घटला तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. आणि सहा व्होल्टच्या आणखी जुन्या गाड्यांत तितक्याच वॉटच्या दिव्याला दुप्पट प्रवाह लागत असल्याने, तोच सदोष सांधा प्रमाणाने चौपट नुकसान करतो. सहा व्होल्टच्या उजेडाची जी बदनामी झाली, तिच्यातील बराच वाटा या सांध्यांचा आहे.

चार्जिंगची परीक्षा सोपी आहे. बारा व्होल्टची निरोगी बॅटरी विश्रांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते, आणि इंजिन मध्यम वेगाने फिरताना हा आकडा १४ च्या जवळपास चढला पाहिजे. चढत नसेल तर नव्या बॅटरीचा खर्च फुकट. नवी बॅटरी बसवताना मात्र धन-ऋण टोकांची रुजुवात अवश्य घ्यावी, कारण कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, आणि टोके उलटली की रेक्टिफायर तत्काळ जळतो.

सर्वांत छळवादी दोष म्हणजे अधूनमधून फ्यूज उडवणारा शॉर्ट. नवे नवे फ्यूज बळी देण्यापेक्षा फ्यूजच्या जागी ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब मालिकेत जोडावा. शॉर्ट असेतोवर तो झगझगीत पेटतो आणि तार जळण्याइतका प्रवाहही वाहू देत नाही. मग हँडल दोन्ही बाजूंस वळवावे, सीटखालची व टाकीखालची वायरिंग हाताने हलवावी, आणि ज्या हालचालीसरशी बल्ब मंदावेल तेथेच वेष्टन सोलवटलेले सापडेल. बहुधा ती जागा हँडलच्या मानेपाशी असते, कारण तेथे तारा प्रत्येक वळणागणिक धातूवर घासत राहतात.

एवढी खटपट करण्याचा कंटाळा येऊन फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद किंवा जाड तार गुंडाळण्याचा जो सर्रास प्रघात आहे, तो मात्र वाचकांनी कृपा करून पाळू नये. ती वायरिंग पेट्रोलच्या टाकीच्या अगदी खालून जाते.