पॅरिसची जागा कोणाची?

अमेरिकेतली बास्केटबॉल लीग एनबीए युरोपात स्वतःची लीग काढणार, या बातमीबरोबर सध्या आकडेच जास्त फिरताहेत. १६ संघ, त्यातले १२ कायमचे, ऑक्टोबर २०२७चा मुहूर्त आणि एका संघाच्या हक्कासाठी ५० कोटी ते १ अब्ज डॉलर. शहरांच्या यादीत पॅरिस आलं की पाठोपाठ पीएसजी या फुटबॉल क्लबचं आणि त्याच्या कतारी मालकांचं नाव घेतलं जातं. या चर्चेत एक क्लब मागे पडतो. त्याचं नाव पॅरिस बास्केटबॉल. जन्म २०१८चा. एवढ्या थोड्या वर्षांत युरोपचा एक चषक आणि फ्रान्सचं विजेतेपद त्याच्या नावावर लागलं आहे.

त्याचं घर मराठी वाचकांनी टीव्हीवर पाहिलेलं आहे. पॅरिसच्या उत्तर टोकाला पोर्त द ला शापेल इथं उभं राहिलेलं हे क्रीडागृह २०२४च्या ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनसाठी वापरलं गेलं. मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्विकसाईराज उपांत्यपूर्व फेरीत हरले ते इथंच, आणि लक्ष्य सेनचं कांस्य हुकलं तेही इथंच. सुमारे ८ हजार आसनांचं हे सभागृह पॅरिस शहराच्या मालकीचं आहे, त्यावर नाव आदिदासचं आहे. ऑलिंपिकच्या आधीच, फेब्रुवारी २०२४मध्ये, पॅरिस बास्केटबॉलच्या सामन्यानं ते खुलं झालं. हा भाग अनेक वर्षं अमली पदार्थांचे अड्डे आणि निर्वासितांचे तंबू यांसाठीच बातम्यांत असे.

क्लब काढणारा माणूस अमेरिकी आहे. डेव्हिड कान. आधी ओरेगनमधल्या वर्तमानपत्राचा क्रीडा पत्रकार, मग वकील, मग इंडियाना पेसर्सच्या व्यवस्थापनात आणि शेवटी मिनेसोटा टिंबरवुल्व्हजचा प्रमुख. २००९च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याच्या हातात पाचवी आणि सहावी निवड होती. त्यानं रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन हे दोन पॉइंट गार्ड उचलले. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटनं पुढे महान ठरलेल्या स्टीफन करीला घेतलं. अमेरिकेत आजही कानचं नाव निघतं ते या एका रात्रीमुळे. मला हा अन्याय वाटतो. मिनेसोटातून बाहेर पडल्यावर या माणसानं जे हेरलं, ते फ्रान्समधल्या कुणी मनावर घेतलं नव्हतं: सव्वा कोटीच्या घरात वस्ती असलेल्या पॅरिस परिसरात रस्त्यावरच्या कोर्टवर पोरं दिवसरात्र खेळतात, तिथून एनबीएत खेळाडू जातात आणि शहराला स्वतःचा भक्कम व्यावसायिक क्लब नाही.

फ्रेंच बास्केटबॉल ही मुळात लहान गावांची मिरास. लिमोज, शोले, पो-ऑर्तेझ. १९९३मध्ये लिमोज युरोपचा विजेता झाला, सांघिक खेळांत असा मान मिळवणारा पहिला फ्रेंच क्लब. पॅरिसनं फ्रेंच लीग जिंकली ती १९९७मध्ये, त्यानंतर विलीनीकरणं, नामांतरं आणि रिकाम्या खुर्च्या. २०२२-२३मध्ये उपनगरातल्या मेट्रोपोलिटन्स ९२ संघात तरुण तारा व्हिक्टर वेम्बान्यामा खेळला, तेव्हा अंतिम फेरीचा सामना थेट रोलाँ गॅरोसच्या टेनिस कोर्टवर भरवावा लागला एवढी गर्दी होती. तो अमेरिकेला गेला आणि पुढच्याच हंगामात तो संघ तळाला गेला. एका ताऱ्यावर क्लब उभा केला की काय होतं, ते पॅरिसनं तेव्हा पाहिलं.

कानची वाट वेगळी होती. सुरुवात त्यानंही विकत घेऊनच केली: दक्षिणेतल्या इएर-तुलाँ क्लबची दुसऱ्या श्रेणीतली जागा. तिथून पुढचं मात्र सगळं मैदानावर कमावलेलं. २०२१मध्ये पहिल्या श्रेणीत बढती. २०२३मध्ये फिनलंडचा प्रशिक्षक टुओमास ईसालो आला आणि जर्मनीतल्या बॉन संघातले आपले खेळाडूही घेऊन आला. त्यांत टीजे शॉर्ट्स होता, उंची पावणेसहा फूट. आदल्याच हंगामात या मंडळींनी बॉनला फिबाची चॅम्पियन्स लीग जिंकून दिली होती.

ईसालोचं बास्केटबॉल हा या गोष्टीचा गाभा आहे, आणि बातम्यांमध्ये नेमकं तेच येत नाही. साधारण रीत अशी की, आपला शॉट सुटला की दोघे-तिघे बचावासाठी मागे पळतात. ईसालोचे खेळाडू पळत नाहीत. प्रत्येक जण आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या अंगाला, अर्ध्या मैदानाच्या बाजूला जाऊन त्याला चिकटतो आणि त्याला बास्केटखाली ढकलतो. चेंडू उसळून लांब आला तर तो आपला, दुसरा शॉट आपला. नाही मिळाला तरी समोरचा संघ मोकळा धावू शकत नाही, कारण प्रत्येकाच्या वाटेत माणूस आधीच उभा असतो. धोका आणि बचाव एकाच हालचालीत. त्याला वेगाची, तीन गुणांच्या फेकींची आणि शॉर्ट्सच्या पिक-अँड-रोलची जोड. कमी पगाराचा संघ श्रीमंतांना हरवू शकतो तो अशा विचारामुळे, आणि हा विचार कुठल्याही लिलावात मिळत नाही.

एप्रिल २०२४मध्ये त्यांनी युरोपातली दुय्यम स्पर्धा युरोकप जिंकली आणि सर्वोच्च स्पर्धेची, युरोलीगची, दारं उघडली. ईसालो एनबीएच्या मेम्फिसला गेला, तिथं पुढे मुख्य प्रशिक्षक झाला. त्याच्या जागी ब्राझीलचा टियागो स्प्लिटर आला. वेग कमी झाला नाही. युरोलीगच्या पहिल्याच हंगामात संघानं उपांत्यपूर्व फेरी गाठली, पुढे विजेत्या ठरलेल्या फेनरबाहचेनं त्यांना रोखलं. जून २०२५मध्ये मोनॅकोला अंतिम मालिकेत ३-२नं हरवून पॅरिसनं २८ वर्षांनी फ्रेंच लीग जिंकली. मग स्प्लिटर अमेरिकेला गेला, शॉर्ट्स अथेन्सच्या पानाथिनायकोसला. चांगलं घडवायचं आणि श्रीमंतांनी ते न्यायचं, हे या क्लबच्या नशिबी कायमचं आहे.

एनबीएचा युक्तिवाद मला समजतो. युरोपातले बहुतेक बास्केटबॉल क्लब तोट्यात चालतात, दूरचित्रवाणीचा पैसा तुटपुंजा आहे, आणि युरोलीगमध्येही दीर्घ मुदतीचे हक्क मोजक्या भागधारक क्लबांकडेच आहेत. म्हणजे सध्याची व्यवस्था न्याय्य आहे असं कुणी समजू नये. पण उरलेल्या ४ जागा गुणवत्तेला आणि १२ जागा चेकबुकला, ही वाटणी उलटी आहे. सहा वर्षांत दुसऱ्या श्रेणीतून युरोलीगपर्यंत चढण्याची जी शिडी या क्लबला मिळाली, ती पुढच्याला मिळणार नाही. पीएसजीची जर्सी घातलेला संघ बेर्सीच्या मोठ्या सभागृहात पहिल्या दिवशी १५ हजार लोक जमवेल, यात मला शंका नाही. पण गर्दी जमवणं म्हणजे संघ घडवणं नव्हे. एनबीएनं पॅरिसचा हक्क विकण्याआधी निदान एवढं करावं: पैसे कोणीही ओतोत, खेळाचा भाग आज जो क्लब चालवतो आहे त्याच्याकडेच राहील, अशी अट करारात घालावी.