शेवटच्या निर्णयात ‘घरचे’ म्हणजे नक्की कोण?

‘घरच्यांशी बोलून सांगतो.’ आयसीयूबाहेर हे वाक्य हमखास ऐकू येतं. संशोधन करायचं असेल तर तुम्ही इथेच थांबून विचारायला हवं: घरचे म्हणजे कोण?

यासाठी अरुणा शानबाग यांचा खटला वाचाच. परळच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी मृत्यू होईपर्यंत तिथल्याच परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने अन्न थांबवण्याची मागणी केली होती. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं न्यायालयाने मानलं. इथे रक्ताच्या नात्यापेक्षा सेवेचं नातं मोठं ठरलं.

पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला, मान्यता दिली. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली. दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते. असा कागद नसेल, तर वैद्यकीय मंडळांच्या मताबरोबर कुटुंबाची संमती लागते. म्हणजे प्रश्न पुन्हा ‘घरच्यां’वर येतो.

आता समजा, लोहगडवाडीतले एक आजोबा पुण्यात व्हेंटिलेटरवर आहेत. सही थोरला मुलगा करतो. डॉक्टरांशी शहरात नोकरी करणारा पुतण्या बोलतो. बिल धाकटा भरतो. रात्री उशाशी सासरहून आलेली लेक बसते. आजींना फक्त ‘बरं वाटेल’ एवढंच सांगितलेलं असतं. तुमच्या प्रश्नावलीत ‘निर्णय कोणी घेतला?’ असा एकच प्रश्न असेल, तर उत्तर येईल: ‘थोरल्यानं.’ बाकी चौघं तुमच्या डेटातून गायब!

म्हणून प्रश्न फोडा. डॉक्टरांशी कोण बोललं? खर्च कोणी केला? सेवा कोणी केली? सही कोणाची? कोणापासून काय लपवलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजोबा शुद्धीवर असताना त्यांना कोणी विचारलं होतं का?

मुलाखती शक्यतो वेगवेगळ्या घ्या. थोरल्यासमोर सून सहसा मोकळेपणी बोलत नाही. नीतिसमितीची मंजुरी आधी घ्या. दुःख ताजं असेल तर थांबा. तुमच्या प्रबंधाची मुदत ही त्या घराची अडचण नाही.