शंभर खुणांचा जालना जिल्हा

मराठी विकिपीडियावरचं 'जालना जिल्हा' हे पान उघडलं, की ब्राउझरच्या वरच्या पट्टीत नाव बहुधा सरळ मराठीत दिसतं. तोच पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला, की पुष्कळदा टक्क्याच्या चिन्हांची (%) लांबलचक माळ उमटते. ज्याला ती येते, त्याला वाटतं, हा काहीतरी व्हायरस असावा.

व्हायरस नाही, तो जालनाच आहे. वेबपत्त्यात रोमन अक्षरं, आकडे आणि मोजक्या खुणा एवढंच चालतं. २००५ च्या 'आरएफसी ३९८६' या इंटरनेट मानकात ते नियम आहेत. बाकी सगळं टक्क्यांत लिहायचं. 'ज'ला यूटीएफ-८ या संकेतनपद्धतीत तीन बाइट लागतात: टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-नऊ-सी. एका 'ज'च्या झाल्या नऊ खुणा. काना, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह, प्रत्येकाच्या आणखी नऊ-नऊ. त्यामुळे 'जालना' पाच चिन्हांचा आणि दिसायला दोनच अक्षरांचा 'जिल्हा' सहा चिन्हांचा. अकरा नवे नव्व्याण्णव, शिवाय मधल्या मोकळ्या जागेऐवजी विकिपीडिया घालतो ती एक अधोरेखा. बरोबर १००.

खरी गोची पुनर्निर्देशनात होते.

जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर धाडताना सर्व्हर कधीकधी टक्क्यांत आधीच लिहिलेला पत्ता पुन्हा टक्क्यांत लिहायला घेतो. मग टक्क्याचाच 'टक्का-दोन-पाच' होतो, १०० खुणांच्या १६६ होतात आणि पान सापडत नाही. हॅशचंही (#) तसंच. पानातला नेमका विभाग दाखवणारी ही खूण 'टक्का-दोन-तीन' झाली, की सर्व्हर तिला पानाच्या नावातच धरतो. अपाचे सर्व्हरवर हे टाळायला पुनर्निर्देशनाच्या नियमाच्या शेवटी 'एनई' लिहितात. दोनच अक्षरं, पण ती विसरली तर अर्धा दिवस जातो.

याच जिल्ह्यातल्या जाफ्राबाद तालुक्याची कथा आणखी नाजूक. कुणी त्या नावातला 'फ' खाली नुक्ता (टिंब) देऊन लिहिला, तर तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकसंध, किंवा 'फ' आणि नुक्ता वेगवेगळे. डोळ्यांना फरक शून्य, बाइट मात्र निराळे. विकिपीडियाची मीडियाविकी प्रणाली दोन्ही तऱ्हा आपणहून एक करते. पण 'जाफराबाद' आणि 'जाफ्राबाद' ही एकाच ठिकाणाची नावं आहेत, हे तिला कळायला मार्ग नाही. तिथे कुणीतरी माणूसच नवं पान उघडतो, पहिल्या ओळीत '#पुनर्निर्देशन' लिहितो आणि पुढे दुहेरी चौकटी कंसात खरं नाव टाकतो. इथला हॅश मात्र पानाच्या मजकुरात असतो, पत्त्यात नाही, म्हणून त्याला कुणी टक्का लावत नाही.