वजन उतरविण्याचा पहिला महिना : अपेक्षा कोणती ठेवावी?



शरीराचें फाजील वजन कसें उतरवावें हें सांगणारे लोक आज गल्लोगल्लीं भेटतात. परंतु तें उतरूं लागल्यावर पहिल्या महिन्यांत कांट्यावर काय दिसेल आणि काय दिसणार नाहीं, हें आधीं कोणी सांगत नाहीं. माझी तर अशी पक्की समजूत झाली आहे कीं, वजन उतरविण्याचा संकल्प अर्ध्यावर सोडणाऱ्यांतील पुष्कळ जण जिभेमुळें हरत नाहींत. चुकीच्या अपेक्षेमुळें हरतात. म्हणून आज मी आहाराचा कोणताहि नवा पंथ सांगणार नाहीं. ज्यांना पंधरा, वीस, तीस किलो कमी करावयाचे आहेत, अशा बंधुभगिनींनीं आरंभीं आशा किती धरावी, एवढाच माझा विषय आहे. मी वैद्य नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकून हिंगोली जिल्ह्यांतील खेडेगांवच्या शाळांतून मीं ३५ वर्षें अंकगणित शिकविलें. आणि या प्रश्नांत अंकगणिताचा भाग मोठा आहे, एवढाच माझा अधिकार.

माझ्याबरोबर काम केलेले एक शिक्षक आहेत. नांव सांगत नाहीं. नोकरींत असतांनाच त्यांचें वजन ११८ किलोंवर गेलें होतें, रक्तांत साखर होती आणि गुडघे जिना चढूं देत नव्हते. डॉक्टरांनीं कान उपटल्यावर त्यांनीं साखर, तळण आणि रात्रीचा भात एकदम बंद केला व सकाळीं कयाधू नदीच्या बाजूला फिरावयास जाऊं लागले. पहिल्या आठवड्यांत चार किलो उतरले! त्या आनंदांत त्यांनीं शाळेंत पेढे वांटले, स्वतः मात्र खाल्ले नाहींत. दुसऱ्या आठवड्यांत एकच किलो गेला. तिसऱ्या आठवड्यांत कांटा हालला नाहीं, आणि चौथ्यांत तो अर्ध्या किलोनें वर चढला. "गुरुजी, आपली जातकुळीच जाड. मला पाणी प्यालेलेंहि अंगीं लागतें," असें म्हणून त्यांनीं पथ्य सोडलें. चार महिन्यांत सारें वजन परत आलें, आणि पुढें दोन वर्षांनीं साखरेनें त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यालाहि धरलें. मला वाईट याचें वाटतें कीं, त्यांचे ते चार आठवडे मुळींच वायां गेले नव्हते. जें व्हावयाचें तेंच बिनचूक होत होतें. त्यांना तें कोणी सांगितलें नव्हतें.

आमच्याकडील शेतकऱ्यास ही गोष्ट एका वाक्यांत समजते. वसमतकडे हळद काढतात, शिजवितात आणि उन्हांत वाळवितात. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून साधारण वीस किलो हळद हातीं येते. म्हणून कोणी शेतकरी 'माझी ऐंशी किलो हळद बुडाली' असा आक्रोश करीत नाहीं, कारण गेलें तें पाणी हें त्याला ठाऊक असतें. मोंढ्यांत आडत्याहि माल तोलण्याआधीं त्यांतली ओल बघतो. आपण मात्र स्वतःचें शरीर कांट्यावर चढवितों तेव्हां ओल आणि माल यांत भेद करीत नाहीं.

शरीरांतील ओल ती कोणती, तें आतां पाहूं. आपण खाल्लेल्या पिठूळ व गोड अन्नाची साखर होते, आणि तिचा कांहीं भाग शरीर अडीअडचणीसाठीं यकृतांत व स्नायूंत सांठवून ठेवतें. या सांठ्यास ग्लायकोजेन म्हणतात. प्रौढ माणसांत तो साधारण अर्ध्या किलोच्या आसपास असतो. परंतु तो कोरडा नसतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी बांधलेलें असतें. जेवण कमी केलें कीं शरीर प्रथम ही कोठी रिकामी करूं लागतें आणि त्याबरोबर तें पाणीहि लघवीवाटे जातें. शिवाय लोणचें, पापड, फरसाण सुटलें कीं पोटांत मीठ कमी जातें, आणि मिठानें धरून ठेवलेलें पाणी मोकळें होतें. या सर्वांची बेरीज दोन-तीन किलोंवर सहज जाते. देह थोर असेल तर चार किलोंवरहि. हीच ती पहिल्या आठवड्याची किमया. तिच्यांत चरबीचा वाटा थोडा असतो.

चरबीचें गणित निराळें व फार चिवट आहे. शरीरांतील एक किलो चरबी म्हणजे सुमारें ७,७०० कॅलरींची शिदोरी. एखाद्यानें चार कप चहांतील आठ चमचे साखर सोडली तर सुमारें १६० कॅलरी वांचतात. भाजी-आमटींतून दिवसाकाठीं ३० ग्रॅम तेल कमी केलें तर २७० वांचतात. त्यांत थोडेंसें चालणें मिळविलें म्हणजे रोजची तूट ५०० कॅलरींची होते. आठवड्याची झाली ३,५००. तिला ७,७०० नीं भागा. उत्तर अर्ध्या किलोपेक्षांहि किंचित् कमी येतें. हा झाला प्रामाणिक माणसाचा आठवड्याचा पगार! ज्याचें वजन १३०-१४० किलो आहे त्याचा खर्चच मोठा असल्यामुळें त्याला आरंभीं किलोभर मिळूं शकेल; ज्याचें ७५ आहे त्याला पाव किलोवर समाधान मानावें लागेल.

याच त्रैराशिकानें भिंतींवरील जाहिरातीहि तपासून पाहाव्या. 'एका महिन्यांत दहा किलो चरबी कमी!' दहा किलो म्हणजे ७७,००० कॅलरी. तीस दिवसांनीं भागल्यास रोजच्या अडीच हजारांहून अधिक. मध्यम बांध्याच्या माणसाचा सगळ्या दिवसाचा खर्चहि बहुधा इतका नसतो. म्हणजे महिनाभर कडकडीत निराहार राहूनहि ही जाहिरात खरी होणार नाहीं. सातवीच्या मुलाला हें उदाहरण घातलें तर तो जाहिरातदारास नापास करील.

आतां तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत कांटा कां थांबतो? पाणी जावयाचें तेवढें गेलेलें असतें. चरबी अर्ध्या किलोच्या चालीनें जातच असते, पण शरीरांतील पाणी रोज किलो-दीड किलोनें खालींवर होत असतें. आदल्या रात्रीचें खारट पिठलें, बद्धकोष्ठ, नवीन व्यायामानें दुखावलेल्या स्नायूंत धरलेलें पाणी, स्त्रियांच्या बाबतींत मासिक धर्मापूर्वींची सूज, या हेलकाव्यांत ती अर्ध्या किलोची घट बुडून जाते. माझ्या सहकाऱ्यांचा वर गेलेला अर्धा किलो याच जातीचा असला पाहिजे. याच्या उलट, पुरणपोळीच्या दुसऱ्या दिवशीं वजन दीड किलो वाढलेलें दिसतें आणि माणूस हबकतो. दीड किलो चरबी चढावयास सुमारें ११,५०० कॅलरी जादा खाव्या लागतील. इतक्या पोळ्या कोणत्या यजमानानें वाढल्या? तें वाढलेलें वजन बहुतेक पाण्याचें व पोटांतील अन्नाचें असतें, आणि दोन-चार दिवसांत ओसरतें.

ही रीत आजची नव्हे. लंडनमध्यें अंत्ययात्रांची व्यवस्था करणारा विल्यम बँटिंग नांवाचा एक व्यावसायिक होता. वय ६६, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. कानानें ऐकूं येईना म्हणून तो कानाच्या डॉक्टरकडे गेला आणि त्या डॉक्टरानें त्याची पाव, साखर, बटाटे व बिअर तोडली. त्यानें १८६३ सालीं स्थूलतेवर एक पत्रक स्वखर्चानें छापून वांटलें, तें जगभर गाजलें. त्यांत त्यानें तारखांसह वजनें दिलीं आहेत. ऑगस्ट १८६२ पासून वर्षभरांत ४६ पौंड, म्हणजे सुमारें २१ किलो उतरले. ऐकतांना आंकडा मोठा वाटतो. पण त्याची घट साधारण दर तीन आठवड्यांस दोन-तीन पौंड एवढीच आहे. आठवड्यास सरासरी ४०० ग्रॅम! तो दर तीन आठवड्यांनीं वजन करी, हें मला त्याच्या पथ्याइतकेंच शहाणपणाचें वाटतें.

माझीहि वही आहे. वयाच्या ६२ व्या वर्षीं माझें वजन १०९ किलो होतें. पहिल्या आठवड्यांत २.८ किलो गेले, दुसऱ्यांत १.२, तिसऱ्यांत शून्य, आणि चौथ्यांत ३०० ग्रॅम परत आले. तेरा आठवड्यांच्या अखेरीस एकूण घट ८.२ किलो भरली, आणि वर्षाअखेर १९. तिसऱ्या महिन्यापर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांस कांहींहि दिसलें नाहीं. सौभाग्यवतींना दिसलें तें पायजम्याच्या नाडीवरून.

पुढें चाल आणखी मंदावते, हेंहि आधींच सांगून ठेवतों. शरीर लहान झालें कीं त्याचा खर्च उतरतो. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं याचें गणित मांडलें. रोजच्या आहारांतून २४० कॅलरी कायमच्या काढल्या तर वजन शेवटीं सुमारें दहा किलोंनीं उतरतें; मात्र त्यांतील निम्मी घट व्हावयास सुमारें एक वर्ष लागतें आणि जवळजवळ सगळी पदरांत पडावयास तीन वर्षें. अलीकडील सेमाग्लूटाइडसारख्या इंजेक्शनांचीहि तीच कथा. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत सरासरी सुमारें १५ टक्के वजन उतरलें, पण ६८ आठवड्यांत. आणि त्यांतील पहिले सोळा आठवडे औषधाची मात्रा हळूहळू वाढविण्यांतच गेले. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनीं प्रसृत केलेली दोनदाच जेवण्याची पद्धत आमच्या मराठवाड्यांत घरोघरीं पोहोंचली आहे. तीहि ज्यांना पाळावयाची असेल त्यांना पहिल्या आठवड्याचें पाणी आणि नंतरचा मुक्काम चुकत नाहीं. चरकाचार्यांनीं अतिस्थूलाची चिकित्सा अतिकृशाहून अवघड मानली आहे, ती उगीच नव्हे.

मग इतक्या कूर्मगतीनें मिळतें तरी काय? येथें मला बातमी चांगली देतां येते. शरीराला लाभ होण्यासाठीं कांट्याची परवानगी लागत नाहीं. अमेरिकेंत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांवर लोकांची चांचणी झाली. तिचा निष्कर्ष २००२ सालीं बाहेर आला. ज्यांना वजन ७ टक्के उतरविण्याचें ध्येय देऊन आहार व चालणें शिकविलें, त्यांच्यांत मधुमेह होण्याचें प्रमाण ५८ टक्क्यांनीं घटलें. शंभर किलोच्या माणसाला सात किलो! आणि चेन्नईच्या संशोधकांनीं भारतीय लोकांवर केलेल्या अशाच चांचणींत, जिचा निष्कर्ष २००६ सालीं आला, प्रमाण २८.५ टक्क्यांनीं घटलें. विशेष म्हणजे त्या लोकांचें वजन फारसें उतरलेंच नव्हतें. गुडघ्यांचा हिशेब याहून रोकडा आहे. संधिवाताच्या रुग्णांवरील मोजमापांत असें आढळलें कीं, एक किलो वजन उतरलें तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो. माझे तीन किलो गेले तेव्हांच देवळाच्या पायऱ्या सोप्या वाटूं लागल्या, त्याचें कारण मला मागाहून कळलें.

वजन करण्याची रीत म्हणाल तर ती साधी आहे. एकच कांटा, एकच वेळ. सकाळीं शौचास जाऊन आल्यावर, कांहीं खाण्यापिण्यापूर्वीं. रोज करणें सोसत असेल तर रोज करावें, पण तुलना आठवड्याच्या सरासरीशींच करावी. ज्यांना रोजचा आंकडा मनस्ताप देतो त्यांनीं आठवड्यांतून एकदा करावें, आणि स्त्रियांनीं या महिन्याचा आठवडा मागील महिन्याच्या त्याच आठवड्याशीं ताडून पाहावा. बेंबीच्या पातळीवर दोरा धरून कंबर महिन्यांतून एकदां मोजावी. कांटा मुकाट असतां दोरा बोलतो, असें पुष्कळदां घडतें. एक गोष्ट मात्र थट्टेची नाहीं. जे साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनीं जेवण कमी करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारून मात्रा ठरवून घ्यावी, नाहींतर साखर एकाएकीं खालीं जाऊन भोंवळ येते, बेशुद्धीहि येऊं शकते. रक्तदाबाच्या औषधांचेंहि तसेंच. आणि फार वेगानें वजन उतरविल्यास पित्ताशयांत खडे होण्याचा धोका वाढतो, स्नायूहि झिजतात. तेव्हां डाळ, ताक, मटकी, अंडें यांना ताटांतून हांकलूं नये.

माझ्या त्या सहकाऱ्यांनीं यंदा दसऱ्यानंतर पुन्हां आरंभ केला आहे. डोळ्यांवर उपचार चालू आहेत. या खेपेस मीं त्यांच्या वहींत पहिल्याच दिवशीं पेन्सिलीनें अंदाज लिहून ठेवले : पहिला आठवडा, तीन किलो, पाणी, दुसरा, एक किलो, तिसरा, शून्य, चौथा, शून्य अथवा वर. गेल्या रविवारीं त्यांचा चौथा आठवडा पुरा झाला. कांटा २०० ग्रॅमनें वर गेला होता. त्यांनीं चष्मा सांवरून तो आंकडा माझ्या पेन्सिलीच्या अक्षरांपुढें शाईनें लिहिला, वही मिटली आणि म्हणाले, "गुरुजी, चहा बिनसाखरेचाच सांगतों."