गळ्यातला सांधा

प्रत्येकाच्या गळ्यात एक सांधा असतो. खालच्या पट्टीतून हळूहळू वर चढत जा. एका जागी भरदार आवाज सुटतो आणि बारीक, पोकळ आवाज सुरू होतो. खाली स्वरतंतू जाड असतात, अख्खेच्या अख्खे थरथरतात. वर ते ताणून पातळ होतात आणि मुख्यतः त्यांच्या कडाच हलतात. हा सांधा ऐकू येऊ नये म्हणून गाणारे वर्षानुवर्षं मेहनत करतात. यॉडलिंग करणारा मात्र मुद्दाम त्यावरूनच उड्या मारतो, आणि झटका जितका स्पष्ट तितकी गंमत जास्त.

अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा जनक म्हणतात तो जिमी रॉजर्स या उड्यांवर मोठा झाला. आणि तेही क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसांनिशी!

जन्म १८९७चा, वाढला मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियनच्या परिसरात. आई लहानपणीच गेली. वडील रेल्वेत, रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचे मुकादम. पोरगा त्या टोळ्यांचा पाणक्या झाला. राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांना पाणी पाजता पाजता त्यांची गाणी त्याच्या कानात बसली. पुढे तो गाडीवर ब्रेकमन झाला. १९२४ साली क्षयाचं निदान झालं. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागायला अजून जवळपास वीस वर्षं होती. रेल्वेचं काम झेपेना, तसा तो गाण्यावर पोट भरायला निघाला. छातीत क्षय आणि धंदा गाण्याचा, हा हिशोब कुणा शहाण्याने मांडला नसता.

ऑगस्ट १९२७मध्ये टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात व्हिक्टर कंपनीचा राल्फ पिअर रेकॉर्डिंगचं सामान मांडून बसला होता. जिमी तिथे साथीदारांसह पोचला, पण ऐनवेळी रेकॉर्डवर नाव कुणाचं छापायचं यावरून भांडण झालं आणि साथीदार वेगळे झाले. ४ ऑगस्टला तो एकटाच गिटार घेऊन गायला. दोनच गाणी, त्यातलं एक अंगाईगीत. फार काही घडलं नाही. मग नोव्हेंबरात बोलावणं नसताना त्याने न्यूयॉर्क गाठलं आणि पिअरला फोन लावला. त्या धिटाईतून पहिलं ‘ब्लू यॉडेल’ रेकॉर्ड झालं. घडण मजुरांकडून ऐकलेल्या ब्लूजची, आणि ओळी संपल्या की आवाजाची ती उडी. रेकॉर्ड लाखोंनी खपली.

तालाच्या बाबतीत गडी मनाचा राजा होता. कुठे मात्रा गिळायचा, कुठे वाढवायचा. १९३० साली हॉलिवूडमध्ये ‘ब्लू यॉडेल नंबर ९’ रेकॉर्ड झालं, त्यात ट्रम्पेटवर चक्क लुई आर्मस्ट्राँग आहे आणि पियानोवर त्याची बायको लिल. लुई या बेहिशेबी मात्रांच्या मागून असा सहज चालतो की दोघं जन्मभर एकत्र वाजवत आले असावेत. लेबलवर मात्र लुईचं नाव नाही. गोरा गायक आणि कृष्णवर्णीय साथीदार एकत्र, हे त्या काळात मिरवण्यासारखं नव्हतं.

त्याची मार्टिन गिटार बघण्यासारखी होती. गळ्याच्या पट्टीवर त्याचं नाव जडवलेलं, आणि पाठीवर ‘थँक्स’ ही अक्षरं उलटी. गाणं संपलं की तो गिटार फिरवून धरायचा, म्हणजे समोरच्यांना आभार सुलटे वाचता येत. नाटकीपणा खराच, पण मला तो आवडतो.

दुखण्याचंही त्याने गाणं केलं: ‘टीबी ब्लूज’, १९३१. मे १९३३मध्ये, घरच्यांसाठी चार पैसे गाठीला असावेत म्हणून तो पुन्हा न्यूयॉर्कला आला. स्टुडिओत त्याच्यासाठी खाट टाकली होती. एक गाणं म्हणायचं, आडवं व्हायचं, दम आला की पुढचं. २४ तारखेला शेवटचं गाणं झालं, २६ला हॉटेलातच त्याने प्राण सोडला. वय ३५. सहा वर्षांहून कमी काळात शंभराच्या वर गाणी.

माणूस संपला, पण रेकॉर्डी फिरतच राहिल्या. मिसिसिपीच्याच हाउलिन वुल्फने त्याच्यासारखं यॉडलिंग करून पाहिलं. ते जमेना, निघाला तो लांडग्याचा हेल, आणि त्यावर ब्लूजमधला एक थोर गळा घडला. आपल्या किशोरकुमारने ही कला जिमीच्या आणि न्यूझीलंडच्या टेक्स मॉर्टनच्या रेकॉर्डींवरून उचलली, असं सांगतात.

पण सगळ्यात अजब हकिकत केनियातली. १९५० साली ह्यू ट्रेसी हा संग्राहक तिथल्या किपसिगिस लोकांची गाणी ध्वनिमुद्रित करत होता. काही मुलींनी त्याला तंतुवाद्याच्या साथीवर ‘चेमिरोचा’चं गाणं ऐकवलं. ग्रामोफोनच्या तबकड्यांबरोबर जिमी रॉजर्स हे नाव तिकडे पोचलं होतं आणि त्याचं चेमिरोचा झालं होतं. दिसणारा गायक नाही, नुसता आवाज. तेव्हा त्यांनी त्याला रूप दिलं: वर माणूस, खाली हरणाचे पाय. गाण्यात मुली त्याला नाचायला बोलावतात, आणि तेही असं की उड्या मारता मारता अंगावरचे कपडे सुटून पडावेत.