यंत्राची निवड, माणसाची जबाबदारी

कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर आता कार्यालये, कारखाने आणि शाळा यांतून होऊ लागला आहे. संगणक चित्र काढतो, मजकूर लिहितो आणि नोकरीसाठी आलेल्या अर्जांची छाननीही करतो. त्यातून दोन प्रश्न उपस्थित होतात. यंत्राने निर्माण केलेल्या कृतीवर हक्क कोणाचा? आणि यंत्राच्या निवडीत अन्याय झाल्यास उत्तरदायी कोण? या दोन्ही प्रश्नांबाबत प्रचलित कायद्याचा रोख एकच आहे. तो यंत्राकडे नव्हे, त्यामागील माणसाकडे पाहतो.

निर्मितीचा हक्क

नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या विणकरांचे उदाहरण घ्यावे. पैठणीची नोंदणी १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली झालेली आहे. समजा, कोणी संगणकाकडून मोराची नक्षी काढून घेतली आणि परप्रांतातील कापड पैठणीच्या नावाने विकले, तर नक्षी यंत्राची आहे ही सबब चालणार नाही. तथापि पैठणी या नावाचे संरक्षण आणि नव्या नक्षीचे संरक्षण या भिन्न बाबी होत. स्वतःची नवी नक्षी राखावयाची असल्यास, ती बाजारात येण्यापूर्वीच २००० च्या डिझाइन कायद्याखाली तिच्या नोंदणीसाठी अर्ज करणे श्रेयस्कर ठरते.

संगणकनिर्मित साहित्य वा कला यांविषयी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तरतूद आहे. ती कृती जी व्यक्ती घडवून आणते, तीच कर्ता मानली जाते. आवाजाच्या नकलेचा प्रश्नही न्यायालयापुढे आला आहे. ज्येष्ठ गायिका आशा भोसले यांच्या आवाजाची संमतीविना यंत्राद्वारे नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अंतरिम संरक्षण दिले.

नोकरीतील समान संधी

जुन्या नोंदींवरून शिकणारे यंत्र जुने पूर्वग्रहही शिकते. अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीच्या अशा प्रणालीची हकीकत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्वीचे बहुसंख्य अर्ज पुरुषांचे असल्याने ती प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागली होती. कंपनीने ती सोडून दिली.

सातपूर किंवा अंबड येथील एखाद्या कारखान्याने अशी प्रणाली वापरली, तरी भरतीची जबाबदारी मालकाचीच राहते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेनुसार समान कामासाठी भरती करताना स्त्री-पुरुष भेद करता येत नाही. शासकीय नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान किंवा निवास या कारणांवरून भेदभाव करण्यास संविधानाचा अनुच्छेद १६ मनाई करतो. दिव्यांग उमेदवारांना २०१६ च्या कायद्याचे संरक्षण आहे.

खरी अडचण पुराव्याची आहे. पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील मुलीचा अर्ज यंत्राने बाजूला ठेवला, तर त्याचे कारण तिला कळणार कसे? आणि कारण न कळता ती दाद मागणार कशी?

म्हणूनच यंत्राने दिलेली यादी अंतिम न मानता ती जबाबदार अधिकाऱ्याने तपासावी, निवडीचे निकष लेखी ठेवावेत व नाकारलेल्या अर्जांचीही अधूनमधून पाहणी करावी. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी अर्जदारांना कारण विचारण्याचा मार्ग दाखवावा. शासकीय कार्यालयांबाबत माहितीचा अधिकार त्यासाठी उपलब्ध आहे. यंत्राने कामाचा वेग वाढेल. न्यायाची काळजी मात्र माणसालाच वाहावी लागेल.