हातसंगणकातील दप्तर लिनक्सवर उतरवून घेताना

दप्तर म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर रुमालात बांधलेले कागद येतात. आपल्या नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातील मोडी कागदपत्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हे चित्र नवे नाही. यंदा विद्यालयाच्या संगणक कक्षात आम्ही जे दप्तर उतरवून घेतले, ते मात्र तळहातावर मावणाऱ्या एका जुन्या यंत्रात होते. ते टेबलावरील लिनक्स संगणकात कसे आणले, याची माहिती माजी विद्यार्थ्यांना व पालकांना उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत. असे एखादे यंत्र आजही कुणाच्या कपाटात पडलेले असू शकेल.

पाम नावाच्या अमेरिकन कंपनीचे हे यंत्र. या घराण्यातील पहिला ‘पायलट’ १९९६ साली बाजारात आला. त्याच्या सर्वांत साध्या नमुन्याची स्मृती १२८ किलोबाइट होती. आमच्याकडे आलेला ‘एम-१००’ हा २००० सालचा, २ मेगाबाइटचा. त्यात फोन नाही, कॅमेरा नाही. पत्ते, तारखा, कामांची यादी आणि टिपणे एवढाच त्याचा संसार. लेखन काडीने पडद्यावर करायचे, तेही ‘ग्राफिटी’ नावाच्या खास रोमन वळणात, ज्यात जवळजवळ प्रत्येक अक्षर काडी न उचलता एका फटक्यात काढावे लागे. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला हे वळण परके वाटले नसते!

आपल्या वसतिगृहात वाढलेल्या एका माजी विद्यार्थ्याने समाजकार्याचे शिक्षण घेत असताना हे यंत्र जुन्या बाजारातून घेतले आणि ते खिशात घालून तो पाथर्डी, जामखेड व कर्जत तालुक्यांतील वस्त्यांवर हिंडला. १९७२च्या दुष्काळाविषयी त्याने वृद्धांना विचारले आणि सांगितलेले तेथल्या तेथे टिपून घेतले. खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव, सुकडी, परदेशातून आलेली मिलो ज्वारी हे सर्व त्यात आहे. त्याचबरोबर कोणत्या विहिरीवर कोणाला आधी पाणी मिळाले आणि कोणाला दूर थांबावे लागले, हेही आहे. दुष्काळी कामांचे आकडे सरकारी कागदांत सापडतात. विहिरीवरची ही रांग त्यांत क्वचितच सापडते. सांगणारांपैकी बहुतेक जण आज हयात नाहीत आणि टिपणांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

या यंत्राचा स्वभाव येथे समजून घेतला पाहिजे. आजच्या मोबाइलमधील मजकूर बॅटरी संपली तरी टिकतो. एम-१०० मधील मजकूर मात्र चालू स्मृतीत राहतो आणि ती स्मृती दोन लहान पेन्सिल सेलांवर जगते. सेल पूर्ण उतरले की मजकूर गेला. तो परत आणण्याचा कोणताही घरगुती उपाय नाही. सेल बदलण्यासाठीही सुमारे एक मिनिटाचीच सवलत असते. आमचा विद्यार्थी नोकरीनिमित्त गावे बदलत राहिला, परंतु दर काही महिन्यांनी सेल बदलण्याचा नेम त्याने मोडला नाही. पुढचे सर्व काम होऊ शकले ते या नेमामुळे. तेव्हा ज्यांच्याकडे असे यंत्र अजून चालू आहे, त्यांनी नवे सेल आधी वेष्टनातून काढून हाताशी ठेवावेत आणि मगच जुने काढावेत.

आता जोडणीकडे वळू. एम-१०० ची वायर नऊ पिनांच्या सीरियल पोर्टात बसते. हा पोर्ट जुन्या डेस्कटॉपला असे. नव्यांना बहुधा नसतो. त्यासाठी सीरियलचे यूएसबी करणारी एक छोटी जोडवायर लागते, ती संगणकाच्या दुकानात मिळते. ती लावल्यावर लिनक्सला हे यंत्र ‘टीटीवाययूएसबी-शून्य’ या नावाने दिसते. येथे पहिली अडचण येते: सामान्य वापरकर्त्याला त्या पोर्टावर लिहिण्या-वाचण्याची परवानगी नसते. डेबियन व उबुंटू या वितरणांत वापरकर्त्याला ‘डायलआउट’ या गटात घातले, एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश केला, की काम होते. पामच्या यूएसबी वायर असलेल्या नमुन्यांची रीत थोडी वेगळी: हातसंगणकावर हॉटसिंक सुरू केल्याशिवाय लिनक्सला ते यंत्र दिसतच नाही. यंत्र बिघडले, असा गैरसमज तेथे होऊ देऊ नये.

प्रत्यक्ष नकल करणारी आज्ञावली म्हणजे ‘पायलट-लिंक’. आजच्या प्रत्येक वितरणाच्या भांडारात ती मिळतेच असे नाही. परंतु तिचा मूळ मजकूर खुला असल्याने तो उतरवून आपल्या संगणकावर तिची बांधणी करता येते. पाम कंपनी २०१० साली ह्युलेट-पॅकार्डने विकत घेतली आणि २०११ मध्ये अशी यंत्रे बनवणे थांबवले. म्हणजे उत्पादकाने हात काढून घेतला, तरी जगभरातील स्वयंसेवकांनी लिहून ठेवलेली खुली आज्ञावली शिल्लक राहिली. लिनक्सविषयी आमचा आग्रह आहे तो याच कारणाने. तो फुकट मिळतो ही गोष्ट आम्ही दुय्यम मानतो.

पायलट-लिंकमध्ये ‘पायलट-एक्सफर’ हे मुख्य साधन आहे. त्याला तीन निरनिराळी कामे सांगता येतात आणि त्यांतील फरक न समजता बटण दाबणे धोक्याचे. ‘बॅकअप’ म्हणजे हातसंगणकातील सर्व फाइलींची प्रत लिनक्सवर आणणे. यात मूळ मजकुराला धक्का लागत नाही. ‘रिस्टोअर’ म्हणजे लिनक्सवरची प्रत यंत्रात लिहिणे. ‘सिंक’ म्हणजे यंत्रातील नवे बदल लिनक्सवरच्या प्रतीत आणणे आणि यंत्रातून काढलेल्या फाइली त्या प्रतीतूनही काढून टाकणे. जुन्या यंत्राशी पहिली भेट असताना फक्त बॅकअप घ्यावा, तोही नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये. आधी लिनक्सवर आज्ञा द्यावी, मग हातसंगणकावरील हॉटसिंकच्या खुणेला काडी लावावी. ९६०० बॉडच्या वेगाने सेकंदाला जेमतेम एक किलोबाइट मजकूर सरकतो. २ मेगाबाइट पूर्ण भरलेले असतील तर सुमारे ३६ मिनिटे लागतील. वेग वाढवता येतो, पण वायर जुनी असल्याने आम्ही तो वाढवला नाही. तेवढा वेळ नववीची मुले पडद्याकडे टक लावून बसली होती.

हाती आलेल्या फाइलींच्या नावांपुढे ‘पीडीबी’ हे शेपूट असते. टिपणे ‘मेमो-डीबी’ या एकाच फाइलीत असतात आणि पायलट-लिंकमधील ‘मेमोज’ हे साधन त्यांतून साधा मजकूर वेगळा करून देते. आज्ञा लिहायच्या नसतील, तर ‘जे-पायलट’ हा खिडक्यांचा कार्यक्रम तेच काम करतो.

तारखांच्या बाबतीत मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे जपून चालावे लागते. पामचे घड्याळ १ जानेवारी १९०४ पासून सेकंद मोजते, तर लिनक्सचे १ जानेवारी १९७० पासून. रूपांतर न करता आकडा वाचला, तर कालगणना ६६ वर्षांनी चुकते. शिवाय या तारखा संपूर्ण फाइलीच्या असतात. प्रत्येक टिपणाला स्वतःची तारीख पामने दिलेलीच नाही. त्यामुळे कोणते टिपण केव्हाचे, हे मजकुरातील खुणांवरूनच ठरवावे लागले: कोठे पोळ्याचा उल्लेख, कोठे ऊसतोडीला गेलेल्या घराची बंद दारे.

सर्वांत अधिक वेळ गेला तो लिपीत. या यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून सर्व मराठी टिपणे रोमन अक्षरांत आहेत. ‘द’ आणि ‘ड’ला एकच अक्षर, ‘ल’ आणि ‘ळ’लाही एकच. तेव्हा तो ‘मळा’ की ‘माळ’, ‘बरा’ की ‘बारा’, हे यंत्राला विचारून कळत नाही. मोडीतही ह्रस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद केला जात नसे आणि वाचणारा संदर्भाने शब्द लावत असे; आमच्या मुलांनी तेच केले. एका पडद्यावर रोमन मजकूर, शेजारी युनिकोड देवनागरी, आणि अडलेल्या शब्दासाठी त्या त्या गावच्या पालकांना फोन. सांगणारांची नावे कुटुंबीयांच्या संमतीशिवाय कोठेही छापायची नाहीत, हे आधीच ठरवले होते.

याच काळात आपल्या देशात एक वेगळा प्रयत्न झाला होता, त्याची आठवण झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक व एन्कोअर कंपनीचे अभियंते यांनी ‘सिम्प्युटर’ हा हातसंगणक २००१ मध्ये जाहीर केला. तो मुळातच लिनक्सवर चालणारा आणि भारतीय भाषांचा विचार करून बनवलेला. एक यंत्र अनेकांनी वापरावे आणि प्रत्येकाने आपला मजकूर आपल्या स्मार्ट कार्डावर ठेवावा, अशी कल्पना होती. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने ‘अमिडा’ या नावाने तो विक्रीस आला, पण खेड्यापर्यंत पोहोचला नाही. पोहोचला असता, तर आमच्या मुलांचे कित्येक रविवार वाचले असते.

उलट दिशेनेही फाइली पाठवता येतात. साधा मजकूर आधी पामच्या ‘डॉक’ प्रकारात बदलायचा आणि पायलट-एक्सफरच्या ‘इन्स्टॉल’ने यंत्रात घालायचा. देवनागरी तेथे दिसणार नाही, म्हणून आम्हाला त्याचा उपयोग नव्हता. टिपणांच्या प्रती आता संगणक कक्षात, एका पेन ड्राइव्हवर आणि छापील स्वरूपात ग्रंथालयात आहेत.

एम-१०० मध्ये ‘नोट पॅड’ नावाची आणखी एक सोय आहे. त्यात काडीने काढलेली रेघ चित्र म्हणूनच साठते. आमच्या विद्यार्थ्याने तेथे वस्त्यांचे नकाशे काढले आहेत: विहीर, वाट, चावडी, आणि गावाचे नाव हाताने, देवनागरीत. पायलट-लिंक ही चित्रेही बाहेर काढून देते. विशेष म्हणजे नोट पॅड प्रत्येक चित्राची तारीख जपतो, त्यामुळे काही टिपणांचा दिवस नकाशावरून निश्चित करता आला. दोन नकाशांवर गावाचे नाव नाही. एकात ओढ्याकाठी दोन विहिरी शेजारी शेजारी आहेत, दुसऱ्यात पाझर तलावाच्या भिंतीखाली सहा घरे. कर्जत व जामखेडकडील पालकांना ती जागा ओळखू आली, तर त्यांनी विद्यालयाच्या ग्रंथालयात कळवावे.